चिव्याचा कठडा

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार माझ्या थोरल्या आत्याचे आहेत. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढं जे लिहिणार आहे त्यात राग बराच आहे, आणि रागाच्या भरात मुख्य गोष्ट राहून जायला नको.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगरात. शाळा चौथीपर्यंत. चौथी झाल्यावर बापानं मला म्हशींमागं पाठवायचं ठरवलं होतं आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नव्हतं, कारण त्याच्या बापानं त्याला दुसरीतूनच काढलं होतं. आत्या तेव्हा पोलादपुरात एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात कामाला होती. नवरा लवकर गेलेला, एक मुलगा पदरात. ती वाडीवर आली आणि माझे दोन सदरे पिशवीत भरायला लागली.

"तुझं तुला पुरत नाय, त्यात ह्यो कशाला?" बाप म्हणाला.

"हाटेलात दोन भांडी जास्ती घाशीन. तुज्या म्हशींना दुसरा गडी बघ."

एवढ्यावर माझं शिक्षण सुरू झालं. दहावीपर्यंत मी तिच्या खोलीत राहिलो, आणि माझ्या पुस्तकांवरून तीही अक्षरं लावायला शिकली. पुढं महाडच्या कॉलेजात गेलो, तर रोज सकाळच्या गाडीला डबा घेऊन ती स्टँडवर उभी असायची. मी बी.ए. झालो, पोलादपूरच्या तहसील कार्यालयात कारकून म्हणून लागलो. वाडीतला पहिला पदवीधर मी, पण पदवीचा कागद हातात आला तेव्हा त्यावर माझं एकट्याचं नाव बघून मला चमत्कारिक वाटलं होतं.

तिचं चालणं सांगायला हवं, कारण ही सगळी हकिगत चालण्याचीच आहे. हॉटेलच्या भट्टीला लाकूड लागायचं. पहाटे ती रानात जायची आणि उजाडता उजाडता मोळी घेऊन उतरायची. डोक्यावर चुंबळ, म्हणजे जुन्या लुगड्याची वळून केलेली गोल गादी, चुंबळीवर मोळी, मान ताठ, नजर समोर, दोन्ही हात मोकळे. पायाखाली धोंडे असोत नाहीतर शेवाळ, ती खाली बघायची नाही. तिचे पाय जमीन ओळखायचे. परस्पर शाळेत जायचं म्हणून मी पुस्तकांची पिशवी घेऊन तिच्या मागून उतरायचो आणि दर खेपेला मीच पडायचो. "बग, तुज्या डोस्क्यावर काय नाय म्हनून पडतोस," ती म्हणायची.

तिच्या मुलाला मी दादा म्हणतो. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. तो आयटीआय करून महाडला एमआयडीसीतल्या एका कंपनीत लागला, लग्न झालं, दोन मुलं झाली, आणि नव्वद सालानंतर कधीतरी त्यानं महाडच्या नव्या वस्तीत घर बांधलं. दादाला मी वाईट म्हणणार नाही. आईचं उभं राहणं त्यानं माझ्याहून जास्त वर्षं बघितलं होतं. भट्टीसमोर उभी, मोरीशी उभी, स्टँडवर उभी. त्यानं मनात एकच धरलं होतं की आईला बसवायचं. हॉटेलाचं काम सोडवून तिला महाडला आणली त्या दिवशी त्यानं ओटीवर हात असलेली एक खुर्ची मांडून ठेवली होती. आणि जमिनीला टाईल्स. पांढऱ्या, चकचकीत. "आईच्या पायाला आता शेण लागणार नाही," तो मला म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले होते. मलाही बरं वाटलं होतं.

वर्षा-दोन वर्षांत आत्याचे पाय सुजायला लागले. साखर निघाली. मी रविवारी महाडला जायचो, तेव्हा डॉक्टरकडं तिला मीच नेलं.

"आजी, रोज चालायचं. निदान अर्धा तास," डॉक्टर म्हणाले.

"डाक्टर, चालून चालून तर हितवर आली."

"ते ओझ्याचं चालणं. आता नुसतं चाला."

"नुसतं म्हंजे? कुठं जायाचं?"

"कुठंच नाही. जायचं आणि परत यायचं."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना ती हसत होती. "शिकलेली मानसं रे बाबा. जायाचं, आन परत यायाचं, आन कुठंच नाय."

पण सांगितलेलं ती ऐकणारी होती. दुसऱ्या दिवसापासून गल्लीतून निघायला लागली. आमच्याकडं बाईमाणूस रस्त्यानं चालतं ते कशासाठी तरी. पाण्याला, बाजाराला, दळणाला, माहेरी. डोक्यावर काही नाही, हातात काही नाही, आणि एक म्हातारी हायवेपर्यंत जाते आणि तशीच परत येते, हे कुणाच्या हिशेबात बसेना. 

"कुठं निघालीस गो म्हातारे?"

"कुठं नाय, फिरते."

"ह्या वयात? घरात काय झालं काय?"

दोन-तीन दिवसांनी आत्यानं युक्ती केली आणि हातात रिकामी पिशवी घेतली. मग येताना लोक विचारायला लागले, पिशवी रिकामी कशी, पैसे देत नाहीत काय घरातून? शेवटी शेजारची एक बाई वाटीभर शिरा घेऊन वहिनीकडं आली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "सासूबाई एकट्याच रस्त्यानं हिंडतात, सगळं बरं हाय ना?" वहिनी, म्हणजे दादाची बायको, त्या दिवशी रडली. मी गेलो तर माझ्यासमोर पुन्हा रडली.

"भाऊजी, तुम्हीच सांगा, मी काय त्यांना उपाशी ठेवते? गल्लीत तोंड दाखवायला जागा राहिली नाही मला."

आत्या खुर्चीतून म्हणाली, "नगो रडू, बाय. मी घरातच चालते. घरात कोन इचारनार हाय, कुठं चाललीस म्हनून?"

असं तिचं चालणं घरात आलं. ओटीपासून निघायचं, मधल्या बोळातून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरातून मागचं दार, आणि परत. पहिले दोन दिवस तिला ते जमेना. म्हणाली, मान डुगडुगते. मग ट्रंकेतून तिनं जुनी चुंबळ काढली, डोक्यावर ठेवली, आणि निघाली. मान ताठ, नजर समोर. नातवंडं हसून लोळली.

"आजी, डोक्यावर काय गं ते?"

"तुज्या आज्याचा सातबारा. व्हा बाजूला."

उन्हाळाभर ठीक चाललं. आत्याच्या पायांची सूज उतरली. पावसाळा लागला आणि टाईल्सना घाम फुटला. ज्यांच्याकडं शेणाची जमीन आहे किंवा साधा कोबा आहे त्यांना हे कळणार नाही. आमच्याकडं आषाढात हवेत इतकी ओल असते की गुळगुळीत लादीवर पाण्याचा हात फिरवल्यासारखं होतं. पुसलं की पुन्हा येतं. त्यात दादानं आईच्या पायांना गारठा लागू नये म्हणून नायलॉनचे मोजे आणले होते. चप्पल घरात घालायची नाही, कारण बोळातच देव्हारा. आत्या मोज्यांवर चालत होती, नजर समोर ठेवून, आणि तिचे पाय ज्या जमिनीला ओळखत होते ती जमीन तिथं नव्हती. एका सकाळी ती घसरली. कपाटाची कड हाताला लागली म्हणून खाली बसण्यावर भागलं.

दादानं लगेच निकाल दिला. "बास झालं हे चालण्याचं खूळ. आई, तू खुर्चीत बसायचं. काय पाहिजे ते हातात मिळेल."

मी डॉक्टरना जाऊन विचारलं. ते वैतागून म्हणाले, "चालणं बंद केलंत तर मी कशाला गोळ्या देतोय? कुठं घसरतात ते बघा आणि ते दुरुस्त करा."

म्हणून एका रविवारी मी बोळात भिंतीला टेकून खाली बसलो आणि आत्याला नुसतं चालताना बघितलं. मी कारकून माणूस, जागेची पाहणी करायची सवय होती, पण आपल्याच घराची कुणी करत नाही. स्वयंपाकघराच्या दारात दादानं हौसेनं संगमरवरी उंबरठा बसवला होता. बिनउंबऱ्याचं घर त्याला घर वाटत नव्हतं. तो पांढरा, टाईल्स पांढऱ्या. म्हातारीच्या डोळ्यांना ते सगळं एकच. देव्हाऱ्यापुढचं पायपुसणं पाय पडला की सरकायचं. टीव्हीची वायर बोळाला आडवी गेली होती, तिच्यावरून मी स्वतः कितीतरी वेळा गेलो असेन. मागचं दार उघडं असलं की समोरून उजेड डोळ्यांवर यायचा आणि खालचं काही दिसायचं नाही. आणि वीज गेली की नुसता अंधार. हे सगळं त्या छोट्या बोळात. रानातली वाट तिला एवढी वाईट कधी भेटली नव्हती.

दोन-तीन रविवार मी तिथंच राबलो. काथ्याची लांब पट्टी आणून बोळभर घातली, कडा दुमडून शिवल्या, टोकं कपाटाच्या आणि पिंपाच्या वजनाखाली दाबली. वायर वरून फिरवली. उंबरठ्यावर गेरूचा जाड पट्टा ओढला. पायपुसणं फेकून दिलं. राहिली चप्पल. मागं पट्टा असलेली, तळाला खरबरीत रबर असलेली मी दुकानातून आणली, पण आत्या घालेना.

"देवाम्होरून चपला घालून जाऊ? डोस्कं फिरलं काय तुजं?"

"अगं, रस्त्याला लागलेलीच नाही ही. खोक्यातून काढली."

तिनं चप्पल उलटीपालटी करून बघितली. मग देव्हाऱ्यातला करंडा घेतला, दोन्ही चपलांना हळदकुंकू लावलं, हात जोडले आणि देवाला म्हणाली, "पायतान म्हनू नगो, औशद म्हन." आणि पायात घातली.

शेवटी कठडा. आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला चिवा होतो, भरीव आणि बारीक जातीचा बांबू, हाताच्या मुठीत बसणारा. बापानं स्वतः निवडून दोन लांब चिवे तोडून दिले, पेरं तासून गुळगुळीत केली. ज्यानं मला म्हशींमागं लावलं असतं तोच हा माणूस, पण बहिणीसाठी आहे म्हटल्यावर दोन दिवस तासत बसला होता. एसटीच्या टपावर टाकून मी ते महाडला आणले. दारातून आत घेताना आत्यानं बघितलं.

"चिवं आनलंस? येवड्यात माजी येळ झाली काय रे?" आमच्याकडं तिरडीलाही चिवाच लागतो.

भिंतीत खुंट्या ठोकून तिच्या कमरेच्या उंचीवर मी ते आडवे बसवले, ओटीपासून मागच्या दारापर्यंत. वहिनी दारात उभी राहून बघत होती. "गोठ्याला दावण असते तसं दिसतंय," म्हणाली. तिचं खोटं नव्हतं. दिसायला ते तसंच होतं.

श्रावण त्या कठड्यावर गेला. सकाळी एकदा, चहानंतर एकदा, आत्या चुंबळ ठेवून, औषधाची चप्पल घालून, एक हात चिव्यावरून सरकवत चालायची. हात त्याला टेकायचा नाही, नुसता लागून असायचा. चिव्याला तिच्या तळव्याचं तेल लागून एक रंग यायला लागला होता. साखर उतरली. ज्या बाईनं शिरा आणला होता तिनं येऊन बघितलं, पदराआड हसली, आणि जाताना मला विचारलं, "हे लाकूड अजून मिळंल काय? आमच्या म्हाताऱ्याला."

मग गणपती आले.

त्या वर्षी दादाला कंपनीत बढती मिळाली होती आणि त्याचे साहेब सहकुटुंब दर्शनाला येणार होते. घराला आतून रंग दिला होता. मी गणपतीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पोलादपूरहून गेलो. ओटीवर पाय ठेवला आणि मला घर ओळखू येईना. काथ्या गुंडाळून माळ्यावर. गेरूचा पट्टा घासून काढलेला. चप्पल माळ्यावर, कारण गणपती घरात असताना चप्पल कशी चालेल, हळदकुंकू लावलेली झाली तरी. चिवे मागच्या पडवीत उभे. खुंट्यांची भोकंसुद्धा पांढऱ्या सिमेंटनं बुजवून वर रंग मारला होता. इतकं सफाईदार काम होतं की कठडा कधी होता असं कुणाला खरं वाटलं नसतं. आत्या नवं लुगडं नेसून ओटीवरच्या खुर्चीत बसली होती. डोक्यावर चुंबळही नव्हती, अर्थातच.

"दादा, निदान कठडा ठेवायचास."

"अरे पाच दिवसांचा प्रश्न आहे. माणसं येतात जातात, काय दिसतं ते? ती बसून राहील पाच दिवस. काय गं आई?"

"बसते ना. बसायला काय लागतं?" आत्या म्हणाली. मला डोळ्यानं गप्प राहायला सांगितलं. मुलाच्या मानाच्या दिवशी तिला भांडण नको होतं.

संध्याकाळी साहेब आले. आरती सुरू झाली. ओटी माणसांनी भरलेली, माझ्या हातात झांजा, मुलांच्या टाळ्या, बाहेर पाऊस. आरतीच्या मध्ये कधीतरी आत्या उठली. तिला कुणी उठायला सांगितलं नव्हतं. प्रसादाचं ताट आत राहिलं होतं, ते तिच्या लक्षात आलं, वहिनीला खूण केली तर वहिनी साहेबांच्या बायकोशेजारी उभी. तर आत्या स्वतःच निघाली. नंतर तिनं मला जे सांगितलं ते असं: "हात आपोआप भिंतीला गेला रे. जिथं असतोय तिथं. तर तिथं नुसती भिंत."

दुपारी पाहुण्यांसाठी पुसलेली लादी, नवा मोजा, आणि तो पांढरा उंबरठा.

आम्हाला कुणाला कळलं नाही. आरती पूर्ण झाली, मंत्रपुष्पांजली झाली, साहेबांनी फुलं वाहिली. मग प्रसाद आणायला वहिनी आत गेली आणि किंचाळली. आत्या उंबरठ्याला आडवी पडली होती, दात घट्ट आवळलेले. ती शुद्धीवर होती. पडल्यापासून शुद्धीवर होती.

"आई, हाक का नाही मारलीस?" दादा रडत होता.

"आरती चालली व्हती ना. मधीच कशी मोडायची?"

दादानं तिला पाठुंगळी घेऊन, पावसातून, साहेबांच्या गाडीत ठेवलं. हे मी मुद्दाम लिहितो. त्याचं प्रेम मी डोळ्यांनी बघितलेलं आहे.

खुब्याचं हाड मोडलं होतं. पनवेलला ऑपरेशन झालं, आत सळई घातली. तिथल्या डॉक्टरांनी वॉकर दिला, ॲल्युमिनियमचा, चार पायांचा, आणि दादाला आणि मला समोर उभं करून सांगितलं की रोज थोडं उभं करा, थोडं चालवा. पडून किंवा बसून राहिल्या तर उठायच्या नाहीत. आम्ही दोघांनी मान हलवली. मला वाटलं होतं की ती दोघांची मान एकाच गोष्टीला हलली.

घरी आल्यावर दादानं काय ठरवलं होतं ते पुढच्या खेपेला कळलं. आत्या ओटीवरच्या खुर्चीत, पायावर शाल. पाणी हातात, जेवण हातात. केससुद्धा वहिनी विंचरून द्यायची. येणाजाणारा प्रत्येक जण वहिनीला म्हणायचा, किती करतेस गं सासूचं. आणि खरंच ती करत होती. वॉकर कुठं आहे म्हणून मी शोधला, तर मागच्या पडवीत चिव्यांच्या शेजारी. पावसाळी दिवस, त्याच्यावर मुलांचे शाळेचे गणवेश वाळत घातले होते.

"वहिनी, हे काय?"

"अहो, हे म्हणाले, काढूच नको. ठेवलाय तर निदान कपडे तरी वाळतात."

मी ओटीवर येऊन आत्याजवळ बसलो. तिच्या पोटऱ्या हाताला मऊ लागल्या. ज्या पोटऱ्या मी मोळीच्या मागून उतरताना डोळ्यांसमोर बघितल्या होत्या, त्या.

"चालतेस का गं थोडी?"

"मला पन वाळत घातलंय रे," ती हसून म्हणाली. मग हसू गेलं. "पोराला भ्या वाटतं. त्याला मी काय बोलू?"

"तुला उठायचंय?"

खुर्चीच्या दांड्यावर तिच्या बोटांची पकड बदलली.

मी उठलो, गणवेश दोरीवर टाकले, वॉकर आणला, तिच्यासमोर ठेवला आणि दोन्ही बाजूंनी धरून बसलो. आत्या उभी राहिली. थरथरत होती, पण उभी राहिली. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. बोळाच्या तोंडापर्यंत आली. तिथं तिचा उजवा हात वॉकर सोडून भिंतीकडं गेला आणि मधेच थांबला.

तेवढ्यात कंपनीतून दादा आला.

त्यानं आधी आईला धरून खुर्चीत बसवलं, मग मला अंगणात नेलं. "एकदा पाडलंस तेवढं पुरे नाही झालं?"

"मी पाडलं?"

"चालायचं वेड कुणी लावलं? तो कठडा कुणी लावला? कठडा लावला नसतास तर तिचा हात भिंतीला गेलाच नसता!"



"डॉक्टरांनी सांगितलंय, दादा."

"डॉक्टर येणार का हगणंमुतणं काढायला? तू येणार का?"

"येतो. मला न्यायला दे तिला, मी करतो."

"म्हणजे लोकांनी म्हणायचं, स्वतःचं घर असून आईला भाच्याकडं टाकली. तिनं आयुष्यभर उभ्यानं काढलं. आता माझ्या घरात तिला बसू दे. आणि तू तिला उठवायला इथं येऊ नकोस."

मी शेवटच्या गाडीनं परत आलो. पोलादपूर ते महाड ही काही लांबची वाट नाही. पण त्यानंतर जिनं रोज माझा डबा भरला त्या माणसापर्यंत पोचायला मला पोस्टाचं तिकीट लागलं.

खाली देतो ते पत्र मी आत्याला लिहिलं त्याला आता बरीच वर्षं झाली. कारकुनी सवयीनं खाली कार्बन ठेवला होता, म्हणून त्याची प्रत माझ्याकडं राहिली. पत्र आत्याला मिळालं. वहिनीनंच नंतर सांगितलं, आत्याच्या दहाव्याला, नदीवरून परत येताना. म्हणाली, त्यांनी बोट ठेवून वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मुलांना म्हणाल्या, ते लोखंडी घोडं आना रे. मुलं म्हणाली, बाबा आले की विचारू. बाबांना त्या आठवड्यात रात्रपाळी होती. मग ते विचारायचं राहिलं. आत्या त्या खुर्चीत दोन पावसाळे बसली.

पत्र असं होतं.

*

पोलादपूर

आत्या,

अक्षर मोठं काढलं आहे. चष्मा लावून सावकाश वाच. तू दारातच बसलेली असतेस, म्हणजे पोस्टमन हे तुझ्याच हातात देईल.

मी तुझ्यावर रागावलेलो नाही. दादावर आहे, पण ते त्याला सांगू नकोस. तो तुला फुलासारखं ठेवतो, हे मला माहीत आहे. तू फूल नाहीस, एवढंच त्याच्या लक्षात येत नाही.

तू मला वाडीतून नेलंस तेव्हा बाप हेही म्हणाला होता, राहू दे त्याला, इथं त्याला काय कमी आहे. तू ऐकलं नाहीस. इथं तो सुखात बसेल हे तुला कळत होतं, तरी तू मला उठवलंस. आज मी दोन घास खातो ते त्यामुळं. म्हणून मला गप्प बसवत नाही.

डॉक्टर म्हणाले ते मी तुझ्यापासून लपवत नाही. तू बसून राहिलीस तर उठणार नाहीस. पडशील म्हणून सगळे घाबरतात. मीही घाबरतो. पण तू चाललीस म्हणून पडली नाहीस. महिनाभर तू रोज चालत होतीस आणि एकदाही पडली नाहीस. आम्ही तुझी वाट काढून घेतली, म्हणून पडलीस. मीसुद्धा त्या संध्याकाळी झांजा वाजवत होतो.

माझ्या खोलीत साधा कोबा आहे, खरबरीत. उंबरठा फोडून सपाट केला. इथं कुणी साहेब येत नाही. बापानं नवे चिवे तासून दिले आहेत, ते मी भिंतीला लावले, तुझ्या कमरेची उंची मला पाठ आहे. तुझी सून, म्हणजे माझी बायको, म्हणते की आत्या रस्त्यानं फिरल्या तरी मला कुणाचं काही वाटणार नाही. कुणी विचारलं कुठं निघालीस, तर सांग, भाच्याकडं आली, आता परत भाच्याकडंच चालली.

पण तुला आणायला मी येऊ शकत नाही. दादानं बोलावलं तर येईन. त्याला मी सांगून उपयोग नाही. तुला सांगावं लागेल. तू त्याला कधी काही मागितलं नाहीस. एकदा माग. "मला उठायचं हाय" एवढंच म्हण. तो रडेल. रडू दे. तरी म्हण.

आणि ते म्हणेपर्यंत रोज खुर्चीच्या दांड्याला धरून उभी राहा, पण कुणी जवळ असताना, एकटी असताना नाही. मोजे काढून. लादी ओली असेल तर नको. मुलांना सांग वॉकर पुढं धरायला.

पोस्टात एक पुडकं वेगळं पाठवलं आहे. त्यात चुंबळ आहे. तुझी जुनी गणपतीत कुठं गेली ते वहिनींना माहीत नाही. ही माझ्या आईच्या लुगड्याची आहे, जरा सैल वळली गेली, मला तुझ्यासारखी जमत नाही. डोक्यावर ठेवून बघ आणि कळव.

तुझा
म्हशींमागं न गेलेला